भोक पाडलेला पत्रा

"हे भोक कुणी पाडलं?"

मस्कतहून दोन वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याचा उमाला उद्देशून निघालेला हा पहिला धड प्रश्न! ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि काल दिवसभर घासूनपुसून लख्ख केलेलं साताऱ्यातलं ते छोटं घर... यातलं काहीएक जयराजच्या नजरेत भरलं नव्हतं. तो गुडघे टेकून तात्यांच्या वायरलेस सेटसमोर बसला होता आणि सेटच्या दर्शनी पत्र्यावरून, आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवत होता.

पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात पुरीएवढं गोल भोक होतं. त्यात एक पातळ चकती बसवलेली होती. फौजेचा तो हिरवा रंग कापलेल्या कडेला थोडा उडाला होता.

"मी पाडलं," उमा हळूच म्हणाली.

"तू?" तो गर्रकन वळला. "उमा, अगं हा काय पोळपाट आहे? फौजेनं मोडीत काढलेला सेट तात्यांनी हौसेनं आणला, सरकारी परवाना काढला, आयुष्यभर जपला. याच्या घरघरीत मी लहानाचा मोठा झालो! आणि तू याला ड्रिल लावलंस? तात्या, तुम्ही हे करू दिलंत?"

तात्या खिडकीशी खुर्चीत बसून अंगणातल्या पेरूकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. उमा चटकन कप ठेवून त्यांच्या समोर गेली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "तात्या, हे विचारतायत, सेटला भोक का पाडू दिलंत म्हणून."

"व्हय व्हय. राहू दे की रं, हाय तसा," तात्या हसून म्हणाले.

"मी त्यांना विचारलं होतं," जयराजचा आवाज चढला. "तू मध्ये कशाला? फोन केला तरी तूच, समोर आलो तरी तूच! वर्ष उलटून गेलं, माझा बाप एकदा फोनवर आला नाही माझ्याशी. कधी अंघोळीला गेलेत, कधी फिरायला गेलेत, कधी डोळा लागलाय... माझ्या बापाशी बोलायला मला तुझी चिठ्ठी लागते का गं?"

उमानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण त्या एका वाक्यालाच तर कुलूप लागलं होतं, आणि किल्ली तात्यांच्या शपथेत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! ती "चहा निवेल हं," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तात्या मूळचे कडेगावचे. घरचा ऊस भावांवर सोडून पलटणीत गेले आणि सिग्नलमध्ये मोर्सच्या कडकट्टात आयुष्य काढलं. आखूड ठोका, लांब ठोका. त्यांच्या जुळणीतून अक्षरं, अक्षरांतून माणसं. "बर्फात, वाऱ्यात, लोकांना नुस्ती खरखर ऐकू यायची, तवा मी त्यातनं निरोप उचलायचो," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती रुंद व्हायची. हवालदार म्हणून पेन्शनीत आल्यावर हा सेट आला. रोज सकाळी माणमधल्या दहिवडीहून त्यांचा पलटणीतला जोडीदार नाथाजी मोर्सची कळ ठोकायचा आणि तात्या साताऱ्याहून उत्तर द्यायचे. मेंढरांची, पावसाची, न पडलेल्या पावसाची बातमी. घरात सून आली, मुलगा परदेशी गेला, पत्नी देवाघरी गेली. पण सकाळची ती भेट चुकली नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा उमाचाही मस्कतचा व्हिसा आलेला होता, बॅग अर्धी भरलेली होती. तिनंच ती पुन्हा कपाटावर टाकली. म्हातारा माणूस एकटा कसा राहणार? "वर्षभरानं येईन," ती म्हणाली होती. आणि मग त्या वर्षातच तात्यांचे कान गेले... आधी दाराची कडी, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचे आवाज. डॉक्टरांनी शीर वाळलीय म्हणून सांगितलं, कानाच्या यंत्राचाही उपयोग नव्हता. दवाखान्यातून आल्यावर तात्यांनी तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला.

"जयराजला सांगायचं न्हाई. कुनालाच सांगायचं न्हाई. सिग्नलचा हवालदार भैरा झाला म्हनून पलटन हसंल, पोरी! आन् जयराज चांगलं चाललेलं सोडून पळत येईल. माज्या गळ्याची आन हाय तुला."

आण घालणाऱ्यानं घातली. निभावणारीनं काय करायचं? दोन माणसांच्या घरात दिवस दिवस एक शब्द होईना. तिनं बोलावं ते त्यांना पोचत नव्हतं, आणि ऐकूच येत नाही म्हणून तेही बोलेनासे झाले. भांडी घासताना ती मुद्दाम आदळआपट करायची, निदान घरात काही तरी वाजावं म्हणून! आणि तात्या रोज सकाळी कानांवर हेडफोन चढवून त्या मुक्या सेटपुढे बसायचे. एकदा ती चहा घेऊन गेली तर त्यांनी हेडफोन काढून मुठीत आवळला होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिला हेडफोनमधली ती बारीक चिवचिव ऐकू येत होती. नाथाजी हाका मारत होता! आणि तेवढ्यात, मूठ आवळलेली तशीच, तात्या दचकले.

"नाथ्या... नाथ्या हाय ह्यो! हाताला लागतोय!"

कानांनी सोडलं ते बोटांनी धरलं होतं. उमानं लग्नाआधी कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तो डब्यातल्या लवंगांसारखा तसाच पडून होता. ती कामाला लागली. स्पीकरवर पातळ चकती बसवली, स्वर खाली ओढून पार खर्जात आणला, कारण खर्ज बोटाला चांगला कळतो. आतल्या चकतीपर्यंत बोट पोचेना, म्हणून शेवटी पत्र्याला भोक पाडलं. मग ती कानानं आणि ते बोटानं, दोघंही समोरासमोर बसून अक्षरं जुळवत राहिले. भिंतीवरचा ठोक्यांचा तक्ता बघत बघत तिलाही मोर्स येऊ लागलं. ज्या सकाळी तात्यांनी चकतीवर बोट ठेवून नाथाजीचा अख्खा निरोप सांगितला, "बायकूच्या, साळूबाईच्या गुडघ्याला तेल लावतोय म्हनं येडं," तेव्हा दोघंही हसता हसता रडले होते.

ते हे भोक.

जयराज वाईट माणूस नव्हता. महिनाभराची रजा त्यानं त्या सेटलाच वाहिली. कुठून कुठून फोन करून त्याच जातीच्या दुसऱ्या सेटचा अस्सल दर्शनी पत्रा मिळवला, मूळ व्हॉल्व्ह बसवले, मूळ छटेचा हिरवा रंग दिला, मुठी उजळल्या. हौशी रेडिओवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जुना सेट जसा कारखान्यातून निघाला तसाच राहिला पाहिजे, स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, वापरायचा तर वापरणाऱ्यासारखा करून घ्यावा. जयराज पहिल्या पंथाचा, आणि पंथाचा अभिमान असलेला.

"पण चालत होता ना तो..." उमा एकदा म्हणाली.

"मेटकुटीला आलेली एस.टी.सुद्धा चालते, उमा. तुला नाही कळायचं. बालपण असतं माणसाचं अशा वस्तूत."

भोक पाडलेला पत्रा, स्पीकर, चकती, सगळं त्यानं दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. उमा तेव्हा दळणाला गेली होती. परत आली तर टेबलावर कोरा करकरीत सेट उभा होता, आणि तात्या त्याच्यापुढे उभे राहून डोळे पुसत होते.

"बघ, बघ! तात्यांना भरून आलं," जयराज म्हणाला. "कसा दिसतोय, तात्या?"

"झ्याक... लय झ्याक, पोरा," तात्या म्हणाले आणि त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी ते सेटपुढे बसले. सवयीनं उजवं बोट त्या कोपऱ्यात गेलं आणि थंड, सपाट लोखंडावर टेकून राहिलं. हेडफोन टेबलावर होता. त्यातून नाथाजी हाका मारत होता, पुन्हा पुन्हा, थांबून थांबून... उमाला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, बाजूला पेपर वाचणाऱ्या जयराजलाही ऐकू येत होतं. त्याला मोर्स येत नव्हतं, त्याच्या लेखी ती सेटची गोड किणकिण! ऐकू येत नव्हतं ते फक्त त्याला, ज्याच्यासाठी ती हाक होती.

जयराज बाजारात गेल्याबरोबर ती तात्यांपुढे येऊन बसली. "तात्या, सांगते मी यांना. आता नाही सहन होत."

तात्यांनी तिच्या ओठांवरून शब्द उचलले आणि मान हलवली. "इतकं दिस खपलाय त्यो. बापासाठी केलं म्हनून फुलून गेलाय. त्याचा हिरमोड करू नगंस. जाईल की रजा सपली म्हंजी, मग बघू. आन् गळ्याची आन हाय!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरही नव्हता! बाप मुलाच्या आनंदासाठी मुका, मुलगा बापाच्या आनंदासाठी आंधळा, आणि दोघांच्या मधे ती. रात्री जयराज तिच्याकडे पाठ करून झोपायचा. "माझ्या बापाला तू मुठीत ठेवलंयस," असं एकदा तो अंधारात म्हणाला होता, आणि तिनं उशीत तोंड खुपसून हुंदका गिळला होता. भरलं घर होतं, नवरा शेजारी होता, पण तो मस्कतला असताना तिला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं आता वाटत होतं.

आणि त्यात हे सांगलीचं निघालं. तिथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळानं जुन्या सेटांचं प्रदर्शन भरवलं होतं. जयराजनं फोटो पाठवले आणि मंडळाचे नानासो खूश होऊन म्हणाले, सेट तर आणाच, पण हवालदारसाहेबांनाही आणा. त्यांचा सत्कार करू आणि त्यांनी सर्वांसमोर दहिवडीच्या नाथाजींचा निरोप घेऊन दाखवावा. जयराजनं हे तात्यांना सांगितलं ते बूट घालता घालता, खाली मान घालून. तात्यांना त्याच्या टाळूशिवाय काही दिसलं नाही. लेक काही तरी आनंदाचं सांगतोय एवढं ओळखून त्यांनी रिवाजाप्रमाणे हसून मान हलवली. "व्हय व्हय."

ऐकू न येणाऱ्या माणसाची मान! त्या मानेनंच होकार दिला. उमा घरात नव्हती, आणि तिला कळलं ते सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात, स्टेजवर दोन खुर्च्या आणि लाउडस्पीकर मांडलेला पाहून.

"अहो, नको!" तिनं जयराजचा दंड धरला. "तात्यांना थकवा आलाय. निरोपाचं राहू दे, नुसता सत्कार करा."

"पुन्हा तेच?" त्यानं दंड सोडवून घेतला. "त्यांच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तुला तोही बघवत नाही?"

हॉल भरलेला होता. नानासोंनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं, आणि मग तात्यांना सेटपुढे बसवून कानांवर तो मूळ जमान्यातला हेडफोन चढवला. समोर पॅड, हातात पेन्सिल. तेव्हा कुठे तात्यांना कळलं. उमानं समोरच्या रांगेतून पाहिलं, त्या फौजी चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. त्यांची नजर गर्दीतून तिला शोधत होती.

लाउडस्पीकरमधून नाथाजीचे ठोके सुरू झाले. स्वच्छ, ठसठशीत. सगळा हॉल ऐकत होता. तात्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली, हलत मात्र नव्हती... नाथाजीनं हाक पुन्हा ठोकली. मागच्या रांगेत कुणी तरी कुजबुजलं. कुणी तरी हसलंही असावं. ज्या माणसानं वाऱ्यावादळातून निरोप उचलले, तो सिग्नलचा हवालदार भरल्या सभेत, सर्वांना ऐकू येणारी एक हाक ऐकू शकत नव्हता!

उमा उठली. आपण कशा पायऱ्या चढलो ते तिला कळलं नाही. सुनेनं सासऱ्याची शाल सारखी करावी, इतक्या सहजपणे ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. घसरलेली शाल तिनं खांद्यावर ओढून घेतली, आणि हात तिथंच, शालीच्या आत राहू दिला.

आखूड ठोक्याला बोट नुसतं टेकायचं. लांब ठोक्याला दाबून धरायचं.

तात्यांचा खांदा तिच्या बोटाखाली एकदा थरारला. मग पेन्सिल चालू लागली. एक अक्षर, दुसरं अक्षर... तिचे डोळे मिटलेले होते, कान लाउडस्पीकरकडे आणि सारा जीव एका बोटात. "तात्या, कुठं हाईस, लय दिस झालं, रुसलास व्हय," नाथाजी इंग्रजी अक्षरांत माणदेशी ठोकत होता. शेवटी त्र्याहत्तर, म्हणजे रेडिओवाल्यांचा रामराम. तात्यांनी कळ ओढून उत्तर ठोकलं, तो हात मात्र पूर्वीसारखाच, जराही न चुकणारा. नानासोंनी पॅडवरचा निरोप वाचून दाखवला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

टाळी वाजवली नाही ती एकट्या जयराजनं. उमा मधेच स्टेजवर चढली म्हणून तिला खाली बोलवायला तो बाजूच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. तिथून शालीची आतली बाजू दिसत होती. स्पीकरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बापाच्या खांद्यावर उमटणारं बायकोचं बोट त्यानं पाहिलं होतं. फोन, उजेडात उभं राहून एकेक शब्द उच्चारणं, 'व्हय व्हय', थंड पत्र्यावर टेकलेलं ते बोट... सगळं त्याच्या डोक्यात एकदम कोसळलं.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात, आचाऱ्यांच्या कढयांजवळ त्यानं तिला गाठलं.

"कधीपासून, उमा?"

तिनं मागं वळून तात्या येतायत का ते पाहिलं.

"अगं, मला का नाही सांगितलंस?" आणि तो चाळिशीचा गडी लहान पोरासारखा रडू लागला. "मी तुला काय काय बोललो... आणि तू ऐकून घेतलंस? भांडायचं तरी माझ्याशी!"

"गळ्याची शपथ होती तात्यांच्या," ती म्हणाली. इतक्या दिवसांचा बांध आता फुटला. "ती तर मी आत्ताही मोडलेली नाही हो! तुम्हीच बघितलंत. मी एका शब्दानं सांगितलेलं नाही!"

"नाही मोडलीस," त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "मी भंगारात घातलं ते, उमा. मी माझं बालपण नीट केलं आणि त्यांचं म्हातारपण भंगारात घातलं."

तात्या मागून येऊन उभे होते. ऐकू काही आलं नव्हतं, पण लेकाचा चेहरा वाचायला कान लागत नाहीत. ते जवळ आले. "कळलं व्हय तुला?" त्यांनी विचारलं. जयराजनं मान हलवली आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ," तात्या म्हणाले, "हिच्या पाया पड. मी शपथ घालून मोकळा झालो रं. भोगलं हिनं."

साताऱ्याला आल्यावर जयराजनं सगळे भंगारवाले पालथे घातले, पण जुना पत्रा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एवढ्या खटपटीनं मिळवलेला तो अस्सल, अखंड पत्रा सेटवरून उतरवला आणि अंगणात स्टुलावर ठेवला. प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस त्याच पत्र्याला मिळालं होतं. त्यानं ड्रिल हातात घेतलं.

"कुठं पाडू?" त्यानं विचारलं.

उमानं नव्या स्पीकरची चकती पत्र्यावर ठेवून खडूनं गोल काढून दिला. त्यानं डोळे मिटून घेतले, मग उघडले, आणि ड्रिल टेकवलं. हिरव्या रंगाचा भुगा तिच्या पायांवर उडत राहिला.

रजा संपली, तो गेला. घर पुन्हा दोन माणसांचं झालं. एका रविवारी सकाळी फोन वाजला, पण त्यातून शब्द आले नाहीत. आले ते अडखळते, बावळट ठोके! जयराज मस्कतला बसून मोर्स शिकला होता. उमानं धावपळ करून फोनची वायर चकतीला जोडली आणि तात्यांचं बोट तिथं टेकवलं. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"जयराज? जयराज हाय व्हय?" ते फोनवर मोठ्यानं ओरडले. किती तरी दिवसांनी बाप मुलाशी फोनवर बोलत होता! "आरं, हात लय कच्चा हाय तुजा! घाई करू नगंस. जेवलास का?" तिकडून ठोके यायचे, इकडून तात्या बोलायचे, मधेच हसायचे. उमा दाराला टेकून बघत होती.

मग तात्यांचं बोलणं एकाएकी थांबलं. चकतीवर तीन लांब ठोके पडले, दोन आखूड. पुन्हा तीन लांब, दोन आखूड. अठ्ठ्याऐंशी. हा आकडा रेडिओवाले मित्राला देत नाहीत, बापाला तर नाहीच. तो फक्त बायकोला, जीव लावलेल्या माणसाला द्यायचा असतो. तात्यांनी तवा लागावा तसं बोट झटक्यात उचललं. कानशिलं लाल झाली.

"ह्ये माझं न्हवं," ते पुटपुटले. "सासऱ्यानं असलं... मी आपला मंडईतनं भाजी घिऊन येतो." आणि पिशवी घ्यायला विसरून ते चपला सरकवत निघूनही गेले.

उमा खुर्चीत बसली. "अहो, तात्या गेले बाहेर," ती फोनवर म्हणाली, "आता तोंडानं बोललात तरी चालेल." पलीकडून पुन्हा ठोके सुरू झाले, तसेच चुकत, सावरत. तिला ऐकायला कान होते, त्याला बोलायला तोंड होतं. पण तो ठोकतच राहिला, आणि तिनं आपलं बोट चकतीवर ठेवलं ते उचललं नाही.